आधी मोजा, मग रेघ ओढा

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या अनेकांची झाडाशी चित्रातली पहिली गाठ एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत पडते. स्मरणचित्राच्या कागदावर आठवडी बाजार नाहीतर बसस्थानक काढायचे आणि मागची रिकामी जागा भरायला एक झाड उभे करायचे. ते झाड कशाचे, हे कोणी विचारत नाही. तपकिरी खोड आणि वर हिरवा गोळा एवढ्यावर भागते. स्मरणचित्रात माणसांची मांडणी महत्त्वाची असते, तेव्हा त्यात काही वावगे नाही. पण ज्याला वनस्पतीचित्रण शिकायचे आहे त्याने इथून वेगळी वाट धरायची. इथे आठवणीला काम नाही. समोर जे आहे तेच काढायचे आणि जितके आहे तितकेच काढायचे. पाच पाकळ्या तर पाच. पान जिथून फुटले तिथूनच फुटलेले दिसले पाहिजे.

जालना जिल्ह्यात राहून हे शिकण्याची उत्तम सोय आहे, असे माझे ठाम मत आहे. सह्याद्रीच्या पठारांवर श्रावण-भाद्रपदात फुलांची जशी गर्दी होते तशी आपल्याकडे होत नाही. पाऊस बेताचा, झाडी विरळ. पण शिकणाऱ्याला गर्दी नकोच असते. बांधावर तरवड, ओढ्याकाठी बाभूळ आणि हिवर, कपाशीत केना आणि कुर्डू, माळावर रुई, गावठाणात निंब, ही मंडळी कायम हाताशी असतात. एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाता येणे, ते कळीत असताना, फुलात असताना आणि वाळून शेंगा तडकताना पाहता येणे, यासारखा दुसरा शिक्षक नाही.

मोबाइलवर फोटो निघतो, मग चित्र कशाला, असे विचारले जाते. फोटो एका क्षणाचा असतो. त्यात एक फूल स्पष्ट येते आणि मागचे पान पुसट होते. वनस्पतीचित्राच्या कागदावर मात्र कळी, उमललेले फूल, फळ, बी, पानाची वरची आणि खालची बाजू, उभे चिरलेले फूल, हे सगळे शेजारी शेजारी मांडता येते. एका दिवशी एका फांदीवर हे सगळे कधीच सापडत नाही. नव्या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन छापताना आजही सोबत रेखाचित्र देतात ते याचसाठी.

दुसरे कारण आपल्या मुलखाचे आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची मोठी सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. पश्चिम महाराष्ट्रातला अभ्यासक शंभर वर्षे तिचा आधार घेत आला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे आपला भाग त्या पाहणीबाहेर राहिला. मराठवाड्याची स्वतंत्र वनस्पतिसूची हाती यायला १९९८ साल उजाडले. प्रा. व्ही. एन. नाईक यांनी ती दोन खंडांत सिद्ध केली. कोणत्या गावच्या शिवारात काय उगवते, कोणत्या पंधरवड्यात फुलते, याच्या गावपातळीवरच्या चित्ररूप नोंदींना आपल्याकडे अजून भरपूर वाव आहे.

आणि ही कला बाहेरून आणावी लागणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वनस्पतिग्रंथांमधली उत्तमोत्तम चित्रे इथल्याच हातांनी काढलेली आहेत. मद्रास इलाख्यात नोकरी केलेल्या रॉबर्ट वाइट या डॉक्टरने १८३८ ते १८५३ या काळात काढलेल्या ग्रंथमालेत दोन हजारांवर चित्रपट्ट आहेत आणि त्यामागे मुख्यतः रंगय्या आणि गोविंदू या दोन चित्रकारांची मेहनत आहे. वाइटने आमरीच्या एका प्रजातीला गोविंदूचे नाव दिले. पुण्याजवळ दापोडीला अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली सरकारी वनस्पती उद्यान होते. तिथे १८४७ ते १८५० या काळात काढून घेतलेली दीडशेहून अधिक रंगीत चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. ती काढणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून पहिली सूचना इथेच करतो: कागदाच्या कोपऱ्यात आपले नाव, गाव आणि तारीख पहिल्या दिवसापासून लिहा. वाइटची पाने इंटरनेटवर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट पाहायला मिळतात. रेघ कुठे जाड होते आणि कुठे विरते, एवढ्याचसाठी ती पाहावीत.

साहित्यावर सुरुवातीला पैसे घालवू नका. एचबी आणि २एच अशा दोन पेन्सिली, मऊ खोडरबर, सहा इंची पट्टी, कंपासपेटीतला विभाजक आणि कार्ट्रिज कागदाची वही, एवढ्यावर पहिले काही महिने निघतात. एक वस्तू मात्र चांगली घ्या, ती म्हणजे दहा पट मोठे दाखवणारे भिंग. सराफ डोळ्याला लावतो तसले. ते फुलावर धरून दुरून पाहू नका. भिंग डोळ्याजवळ धरायचे आणि फूल भिंगाकडे आणायचे, मग उजेड पुरतो आणि चित्र हलत नाही. रंगाकडे वळाल तेव्हा गुळगुळीत पृष्ठाचा जाड कागद लागेल. तो छत्रपती संभाजीनगरला मिळतो. तिकडे गेलात तर खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यातही डोकावा. हाताने कागद करण्याची तिथली परंपरा जुनी आहे. हातकागद घेताना कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच पसरून शोषला गेला तर त्या कागदावर बारीक रंगकाम होणार नाही, तो पेन्सिलीसाठी ठेवावा.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिले झाड म्हणून मी तरवड सुचवतो. पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेला ते सहज मिळते, पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत भरभरून फुलते, आणि पान, फूल, शेंग तिन्ही एकाच झुडपावर सापडण्याची शक्यता मोठी. सकाळी लवकर जा. एक डहाळी पुरे. ओल्या रुमालात गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली तर घरी येईपर्यंत तजेला टिकतो. आपल्याकडच्या उन्हात हातात धरून आणलेले फूल दारात पोचेपर्यंत मान टाकते. घरी आल्यावर डहाळी अरुंद तोंडाच्या बाटलीत उभी करा आणि डाव्या बाजूने खिडकीचा उजेड येईल असे बसा. बाटली एकदा ठेवली की हलवायची नाही.

पेन्सिल अजून उचलायची नाही. वहीच्या डाव्या पानावर नुसती मोजदाद लिहा. तरवडाच्या एका पानात पर्णिकांच्या जोड्या किती? साधारण आठ ते बारा सापडतील, पण तुमच्या डहाळीवर किती आहेत तेच लिहा. पानाच्या टोकाला एकटी पर्णिका आहे का? नाही. शेवटीही जोडीच. नवशिक्याचा हात तिथे हमखास एक जास्तीची पर्णिका काढतो, कारण संयुक्त पान म्हटले की टोकाला एक असणार हे डोक्यात बसलेले असते. आता भिंग लावा. दोन पर्णिकांच्या मध्ये, मधल्या शिरेवर, एक बारीक उभी ग्रंथी दिसेल, आणि जवळजवळ प्रत्येक जोडीपाशी दिसेल. मग देठ खोडाला जिथे मिळतो तिथे पाहा. दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद हिरवी उपपर्णे आहेत. तरवड ओळखायची ही पक्की खूण. फूल नसतानाही ती असते. त्याच जातकुळीतल्या टाकळ्याला, आपल्याकडे ज्याला तरोटाही म्हणतात, पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात. ही दोन पाने शेजारी शेजारी काढली की मोजण्याचा उपयोग कुणी समजावून सांगावा लागत नाही.

फुलात पाच पिवळ्या पाकळ्या आणि दहा पुंकेसर. हे दहा सारखे नाहीत. वरचे तीन आखूड आणि वांझ, खालचे लांब, पुढे बाकदार झुकलेले. लांबून सगळा पिवळा गोंधळ दिसतो. फूल बोटांत धरून एकेक पाकळी हलकेच काढली, पाचही पाकळ्या कागदावर ओळीने मांडल्या, तर त्यांच्याही आकारात फरक आढळेल. पाकळ्यांवरच्या शिरा उजेडासमोर धरून पाहाव्यात. एवढी नोंद झाली की पेन्सिल घ्या.

क्रम असा ठेवा: फूल आधी, मग कळ्या, मग पाने, खोड शेवटी. जे लवकर कोमेजणार ते आधी. विभाजकाचे एक टोक पाकळीच्या बुडाशी आणि एक टोकाशी ठेवून अंतर घ्या आणि तेच कागदावर उतरवा. चित्र खऱ्याच मापाचे काढायचे, त्यामुळे गणित करावे लागत नाही. बारीक भाग मोठा करून दाखवायचा असेल तर तो बाजूला वेगळा काढून त्याखाली किती पट ते लिहा आणि एक सेंटिमीटर कुठवर येतो ती रेघ आखा. २एच पेन्सिलने हलक्या हाताने आराखडा, तपासणी, आणि मगच एचबीची पक्की रेघ. डहाळीचा तोल आधी एका वळणाच्या रेघेत पकडा. ती कुठे झुकली, कुठे वर उठली, ते चुकले तर सगळी मापे बरोबर येऊनही चित्र निर्जीव दिसते.

पानांचा सराव वेगळा करावा आणि तो कंटाळा न करता करावा. पहिला महिना केवळ पाने काढण्यात घालवला तरी फायद्याचा आहे. निंबाची एक पर्णिका घ्या. ती मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी नसते. कोयत्यासारखी एका अंगाला वाकलेली, बुडाशी एक बाजू वर आणि एक खाली. कडा करवती. हे सगळे दिसायला लागेपर्यंत तिचीच चित्रे काढा. शिरांची रचना समजत नसेल तर पान पालथे ठेवून वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून घासा. शिरा आपोआप उमटतात. मुलांना हे फार आवडते आणि मोठ्यांनाही त्यातून शिरा कुठून फुटतात हे नेमके कळते.

अवघड असते ते वळलेले पान. एक भाग समोर, एक भाग मागे, मधेच कड उलटलेली. यावर एकच उपाय मला ठाऊक आहे. मध्यशीर आधी सलग काढायची, पान पारदर्शक आहे असे धरून. ती मागे जाते तिथेही पुसट रेघेने पुढे न्यायची. मग तिच्या आधाराने दोन्ही कडा बसवायच्या आणि झाकलेला भाग शेवटी पुसायचा. देठाकडून टोकाकडे जाणारी ही रेघ कुठेही तुटली नाही की पान वळूनही एकसंध राहते.

जालन्यात राहणाऱ्याला आणखी एक भाग्य लाभले आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या बियाणे धंद्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी घरांत सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जाणाऱ्या बाया आहेत. कपाशीच्या मादी झाडावरची उद्या उमलणारी कळी त्या दुपारनंतर अचूक हेरतात. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि त्यांच्यासोबत पुंकेसरांची नळी अलगद सोलून काढतात, आतली कुक्षी उघडी पण धक्का न लागलेली राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे फूल आणून त्याचे पराग त्या कुक्षीवर फिरवतात. फुलाचा कोणता भाग कुठे जोडलेला असतो आणि कितपत ताण सोसतो, हे त्यांच्या बोटांना माहीत असते. तुमच्या शेजारी किंवा नात्यात अशा काकू, मावशी असतील तर त्यांना विनंती करा आणि एक कळी तुमच्यासमोर सोलायला सांगा. फुलाच्या उभ्या छेदाचे चित्र त्यानंतर जितके बरोबर येईल तितके पुस्तकातली आकृती पाहून येणार नाही.

कपाशीचा पूर्ण चित्रपट्ट हे वर्षभराचे काम आहे आणि ते प्रत्येकाने एकदा करावे. पाते लागते तेव्हा त्याभोवतीची तीन कातरलेली सहपत्रे काढा. फूल पहिल्या दिवशी दुधाळ पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी-लाल होते. दोन्ही रंग एकाच कागदावर शेजारी यायला हवेत. मग हिरवे बोंड, त्यावरचे काळसर ठिपके, आडवा छेद घेतल्यावर दिसणारे चार किंवा पाच कप्पे, आणि शेवटी फुटलेला कापूस. पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस दाखवण्यासाठी कापूस रंगवायचा नसतो. मागची वाळलेली तपकिरी टरफले आणि कापसाच्या पाकळीखालची फिकट राखाडी सावली एवढेच रंगवायचे. भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही कपाशीच्याच कुळातली. पुंकेसरांची ती नळी चौघांतही आहे. एक फूल नीट काढता आले की बाकीच्या तिघांशी ओळख अर्धी झालेलीच असते.

मोसंबीच्या बागा असणाऱ्यांनी बहाराच्या दिवसांत फांदी काढावी. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. पान उजेडासमोर धरले तर तेलाच्या ग्रंथींचे असंख्य बारीक ठिपके चमकतात, आणि देठाला दोन्ही बाजूंनी किंचित पंखासारखी पट्टी असते. बगलेत काटा असेल तर तो सोडू नका. अळीने पोखरलेल्या नागमोडी रेघा पानावर असतील तर त्याही काढा. निरोगी, बिनडागाचे पान शोधत बसण्यात अर्थ नाही, बागेत जे आहे ते कागदावर यावे.

छायाप्रकाशाचा नियम साधा आहे. उजेड वरून डावीकडून येतो असे धरायचे आणि संपूर्ण चित्रात तो बदलायचा नाही. शाईने काम करायचे असेल तर बारीक टोकाच्या पेनाने ठिपक्यांची छाया द्यावी. गडद भागात ठिपके दाट, उजळ भागात विरळ, आणि प्रत्येक ठिपका पेन उभे धरून ठेवलेला. घाई केली की ठिपक्यांच्या शेपट्या निघतात. हे काम मन लावून करायला शांत दुपार लागते.

रंगांबद्दल माझा आग्रह एकच आहे. पेटीतला तयार हिरवा जसाच्या तसा पानाला लावू नका. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन मिसळा, भडकपणा मारायला क्रिमझनचा अगदी थोडा अंश टाका. प्रमाण बदलून कागदाच्या पट्टीवर दहा-बारा हिरवे करा आणि ती पट्टी खऱ्या पानाशेजारी धरून पाहा. रुईचे पान राखेकडे झुकणारे, कपाशीचे किंचित निळसर, मोसंबीचे गर्द आणि तुकतुकीत, तरवडाचे मंद, हे फरक तेव्हाच हाती येतात. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, चकाकणारी जागा कागदाचीच कोरी सोडायची. फिका थर आधी, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. ब्रश दोन आणि चार नंबरचे गोल पुरतात. पाण्यात बुडवून झटकल्यावर टोक सुईसारखे जुळले तर ब्रश चांगला समजावा.

कोणत्या दिवसांत काय काढावे, हे आपले शेतीचे पंचांगच सांगते. मृगाचा पाऊस पडून गेला की बांधावर आणि पिकात केना दिसू लागतो. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, तेव्हा नऊच्या आत बसायला हवे. तीन पाकळ्यांत दोन मोठ्या आणि एक लहान. केना मुळासकट उपटून माती झटकली तर जमिनीखालच्या फांद्यांवर न उमलणारी फिकट फुलेही सापडतात. ती चित्रात जरूर घ्यावीत. कुंपणावर कळलावी चढते. तिच्या पानाचे टोकच लांबून आधाराला विळखा घालते, आणि फुलातल्या कुक्षीचा दांडा बुडाशी काटकोनात वळलेला असतो. गणपतीनंतर कुर्डूचे तुरे, वरती गुलाबी आणि खाली रुपेरी होत जाणारे. थंडीत तुरीचे फूल. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण दिले आहेत. दोन वेगळ्या वाणांची फुले आणि शेंगा शेजारी काढून फरक दिसतो का ते पाहणे हा मोठ्या मुलांसाठी चांगला अभ्यास होईल. फाल्गुनात पळस. पळसाला पाने तीनच, हे सगळ्यांना पाठ असते. पण मधली पर्णिका बाजूच्या दोघींहून वेगळ्या आकाराची असते हे किती जणांनी पाहिले असेल? पळसाच्या पाकळीवर बाहेरून रेशमी लव असते, त्यामुळे कडेला नारिंगी रंग थोडा करडा दिसतो. तो करडा आला की फूल मखमली दिसते. चैत्र-वैशाखात काही झाडे निष्पर्ण असतात तेव्हा साल, काटे आणि शेंगा काढा. बाभळीचे पांढरे जोडकाटे आणि मण्यांच्या माळेसारखी आवळलेली शेंग उन्हाळी सुट्टीतल्या मुलांना पुरून उरेल.

निसर्गातले झटपट रेखाटन ही याच विद्येची धाकटी बहीण. तिथे मोजायला वेळ नसतो. हिवाळ्यात घाणेवाडीच्या तलावावर किंवा शहरातल्या मोती तलावावर सकाळी वही घेऊन बसा. एका पानावर पाच-सहा रेखाटने एकदम सुरू ठेवायची. पक्ष्याने बाजू बदलली की ते अर्धवट सोडून दुसरे धरायचे, तो पुन्हा तशाच बैठकीत आला की पहिल्याकडे परतायचे. पाठीच्या कण्याची एक रेघ, डोक्याचा गोल, चोचीचा कोन, पाय शरीराच्या कोणत्या भागातून निघतात, बस. शेकाट्या यासाठी फार चांगला, लांब गुलाबी पायांवर तो उथळ पाण्यात निवांत वावरतो. जालन्याला या अभ्यासाचा जुना वारसा आहे. टी. सी. जर्डन या लष्करी डॉक्टरने १८४० च्या सुमाराला दक्षिणेतल्या पक्ष्यांची जी सूची छापली तिच्यात जालन्याचे नाव अनेक ठिकाणी येते. पुढे त्याने पन्नास चित्रपट्टांचा ग्रंथ काढला, त्यातली चित्रे मुख्यतः भारतीय चित्रकारांच्या हातची होती.

काही काळजी घ्यावीच लागते. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा डहाळी कापल्यावर हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. कळलावीचा कंद, धोतऱ्याच्या बिया आणि कण्हेर विषारी आहेत, मुलांसोबत असाल तर ती झाडे जागेवरच काढा, घरी आणू नका. गाजर गवताने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. कपाशीवर फवारणी झाली असेल तर त्या वावरात शिरू नका, शेतकऱ्याला आधी विचारा. देवराईतले किंवा देवस्थानाच्या आवारातले काही तोडायचे नाही. आणि एखादे रोप आसपास एकटेच दिसत असेल तर त्याचे फूल खुडू नका, शेजारी बसून काढा.

ओळख पटवण्याची घाई करू नये. नाव ठाऊक नसले तरी चित्र आधी पूर्ण होऊ शकते. उलट चित्र चांगले असेल तर नाव सांगणाऱ्याचे काम सोपे होते. गावात आधी वडीलधाऱ्या बायाबापड्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेले नाव त्यांच्याच उच्चाराप्रमाणे लिहा. मग जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जा. तिथे उलगडा झाला नाही तर छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा विभाग आहे आणि पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय आहे. सोबत वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली एक फांदी, फुलासकट, न्यावी. दाबताना पहिले काही दिवस कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. चित्रामागे गाव, तालुका, जागा बांधाची की माळाची की ओढ्याची, झाडाची उंची, ताज्या फुलाचा रंग आणि वास, नक्षत्र आणि तारीख इतके लिहिलेले असावे. वाळल्यावर रंग आणि वास उरत नाहीत, त्यामुळे ही दोन कलमे जागेवरच भरावीत.

चित्रे सपाट फाइलीत ठेवा, दोन कागदांच्या मध्ये बटर पेपर घाला, भिंतीला टेकवून उभी करू नका. कसर लागू नये म्हणून दर ऋतूत एकदा फाइल उघडून हवा द्यावी. लॅमिनेशन करण्याचा मोह मात्र टाळा. त्यावर पुन्हा पेन्सिल चालत नाही, आणि यंदा शेंग मिळाली नसेल तर पुढच्या वर्षी ती त्याच कागदावरच्या राखून ठेवलेल्या जागेत काढायची असते.